आधी ती नोटीस उतरवा

शिरपूरकडच्या एका लग्नात बसलो होतो. पत्रिकेवर मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. सव्वादोन झाले तरी मंगलाष्टकांचा पत्ता नाही, कारण साहेब अजून दुसऱ्या एका लग्नात होते. मुठीतल्या अक्षता घामाने चिकटून तळहाताला पिवळा रंग लागला होता. शेजारच्या आजी पदराने वारा घेत म्हणाल्या, "मुहूर्त गया चुलामा!" अखेर गाडी आली, माईकवर नावांची यादी वाचून झाली, सत्कार झाले आणि मग कुठे गुरुजींना 'सावधान' म्हणायची मुभा मिळाली. पंगतीत वरण-बट्टीवर तुपाची धार पडत असताना वाद पेटला तो समान नागरी कायद्याचा. एका बाजूला "एक देश, एक कायदा, त्यांना चार बायका कशाला?" दुसऱ्या बाजूला "आमच्या धर्मात सरकारने नाक खुपसू नये." तासभर तेच चाललं. धर्माचा मुहूर्त राजकारणासाठी दोन तास ताटकळला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, हे त्या तासाभरात एकाच्याही तोंडून निघालं नाही.

हा वाद वाईट पद्धतीने घातला जातोय असं मला वाटतं, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विधी ज्याचा त्याच्या धर्माचा असू द्या, पण लग्नाचा करार राज्याचा हवा: वय, संमती, नोंदणी, पोटगी, फारकत, मिळकत. आणि त्यासाठी समान नागरी कायद्याच्या मुहूर्ताची वाट बघायची गरज नाही. धर्म न विचारता लग्न लावणारा कायदा या देशात १९५४ पासून आहे, विशेष विवाह कायदा. त्याच्या दारावर तीस दिवसांच्या नोटिशीचा पहारा बसवलेला आहे. तो उठवा. जो पुढारी एवढंही करायला तयार नाही, त्याला समान कायदा नको आहे. त्याला त्या कायद्यावरचं भांडण हवं आहे.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पंगतीत कोणी मांडलाच नाही. तो असा: लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य, आणि आपले लोक धार्मिक आहेत. शेतकरी संघटनेने शेतीच्या कायद्यावर बोलायचं, कामगारांनी कामगार कायद्यावर बोलायचं, मग देवाधर्माला मानणाऱ्याने लग्नाच्या कायद्यावर गप्प का बसायचं? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माणूस विधानसभेत जाताना श्रद्धा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवत नाही. मी एवढंच म्हणेन की त्याने बोलावं, पण कायद्यासाठी जे कारण द्यायचं ते त्याचा देव न मानणाऱ्यालाही तपासून बघता आलं पाहिजे. "मुलगी अठराची नसेल तर तिच्या शरीराला धोका आहे" हे कारण कोणालाही तपासता येतं. "शास्त्रात असं आहे" हे येत नाही. आणि शास्त्रात खरंच तसं आहे का, हाही एक प्रश्नच आहे.

तो खानदेशात बसून विचारायला सोपा जातो. शिरपूर तालुक्याचंच घ्या. तापीकाठच्या गावात मुलीच्या बापाने द्यायचं. त्याला हुंडा म्हणायचं नाही, 'हौसेने दिलं' म्हणायचं. तिथून सातपुड्याच्या पायथ्याला गेलात की पावरा समाजात मुलाच्या बापाने द्यायचं. त्याला देज म्हणतात, आणि किती द्यायचं ते पंच बसून ठरवतात. एकाच तालुक्यात, गाडीने तासाभराच्या अंतरावर पैसा उलट्या दिशेने वाहतो. वर आधी संसार आणि मग ऐपत आली की लग्न, असंही घडतं. बाप लग्नाला उभा राहतो तेव्हा पोरगं बघायला असतं. यातली कोणती रीत 'आपल्या धर्माची'? सपाटीवरचे लोक डोंगरातल्या माणसाला मागासलेला म्हणतात. मात्र तो शिकून खाली राहायला आला, दोन पुस्तकी विधी शिकला, की हळूहळू देज सुटून हुंडा धरतो. याला सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पाट लावण्याचंही तेच. १८८० चं खानदेश गॅझेटियर चाळलं तर जातीमागून जातीच्या वर्णनात विधवेचं पुनर्लग्न चालतं अशी नोंद सापडते. कष्टकरी जातींत पाट होता, म्होतूर होता, पंचांसमोर काडीमोड होती. मग १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने कोणाला मोकळं केलं? ज्या मूठभर जातींत बंदी होती त्यांना. आणि त्याच कायद्यात असंही कलम होतं की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. मूठभरांची रीत 'हिंदूंचा धर्म' म्हणून कायद्याच्या कागदावर चढली आणि बाकीच्यांची रीत 'रूढी' म्हणून खालच्या ओळीत गेली. धर्माचा कायदा म्हणून आपण जे छातीशी धरतो, ते बऱ्याच वेळा ज्याचा हात लेखणीपर्यंत पोचला त्याच्या घरातली चाल असते.

याहून मजेशीर गोष्ट रखमाबाईंच्या खटल्याची आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्ही यांनी, तो फेटाळला. बाईला कोर्टाच्या हुकुमाने नवऱ्याच्या घरी पाठवण्याची ही तरतूद हिंदू कायद्यातली नव्हेच, इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. ओरडणाऱ्यांत टिळकांचं इंग्रजी साप्ताहिक 'मराठा'ही होतं. अपिलानंतर, १८८७ मध्ये, रखमाबाईंना सांगण्यात आलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. म्हणजे चर्चचा नियम वाचवायला आपले धर्माभिमानी रस्त्यावर उतरले होते. इंग्लंडने तो नियम १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आजही आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात 'नांदायला येण्याचे' दावे आजही लागतात.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात वयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची होती. फक्त दोन वर्षं. टिळकांनी विरोध केला. त्यांच्या विरोधातला एक भाग मला आजही वजनदार वाटतो: परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन शिरू नये, सुधारणा लोकांच्या मनातून यावी. गुलाम देशातल्या माणसाने असं म्हणणं समजू शकतं. पण साठ वर्षांनी सरकार आपलं होतं, कायदेमंत्री बाबासाहेब आंबेडकर होते, आणि हिंदू कोड बिलावर ओरड शब्दाला शब्द तीच झाली. फक्त 'परकं' हा शब्द गळला. बिल गुंडाळलं जातंय हे बघून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्या वेळचा एक आक्षेप रास्त होता, तो म्हणजे ती संसद थेट निवडून आलेली नव्हती. मग निवडणूक झाली. अलाहाबादकडच्या मतदारसंघात नेहरूंच्या विरोधात एक साधू, प्रभुदत्त ब्रह्मचारी, हिंदू कोड बिलाचाच मुद्दा घेऊन उभे राहिले आणि पडले. त्यानंतर बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये कायदे झाले. धार्मिक मतदाराने धर्मगुरूला नमस्कार केला आणि मत दुसरीकडे दिलं. पुढाऱ्यांना आपल्या लोकांची भीती वाटते तितके आपले लोक भीतिदायक नाहीत.

आता समान कायद्यावाल्यांचा खरा मुद्दा. सुधारणा हिंदूंच्या घरात झाली आणि शेजारच्या घराचं दार बंदच ठेवलं, ही त्यांची तक्रार खोटी नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शहाबानो यांना पोटगी मान्य केली. रक्कम किती, तर महिना १७९ रुपये २० पैसे. तेवढ्यासाठी १९८६ मध्ये संसदेने कायदा फिरवला. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्यांनी ती गोष्ट आजही मोकळेपणाने कबूल केलेली नाही, आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. त्याच्या वीस वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाई मुंबईत सात मुस्लीम बायकांना घेऊन सचिवालयावर गेले होते. सात! त्यांच्या मागे उभं राहायला कोणताही मोठा पक्ष आला नाही. मुसलमानांची मतं हवी असणारे आले नाहीत, आणि मुस्लीम बाईच्या दुःखाने आज ज्यांचा कंठ दाटून येतो त्यांचीही रांग तिथे लागलेली नव्हती.

पण म्हणून 'समान' असं नाव दिलं की कायदा समान होतो का? गोव्याचं उदाहरण नेहमी देतात. तिथल्या पोर्तुगीज काळातल्या कायद्यात, हिंदू बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची सवलत कागदावर होती, हे उदाहरण देणारा सांगत नाही. उत्तराखंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनीही सरकारकडे नोंद करायची, नाहीतर शिक्षा. बाईला हक्क देण्यासाठी निघालेला कायदा वाटेत घराघरात डोकावू लागला. आणि अनुसूचित जमाती? त्या कायद्यातून वगळलेल्या. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे बहुसंख्य लोक आदिवासी आहेत, तिथे असा कायदा आणला तर तो लागू कोणाला होईल?

आदिवासींना वगळू नका असंही मी म्हणत नाही. जमीन गेली, जंगल गेलं, आता लग्नही आमच्या रीतीने राहणार नाही का, ही त्यांची भीती कल्पनेतली नाही. हिंदू विवाह कायदाही त्यांना लागू नाही. पण या मोकळिकीला दुसरी बाजू आहे. एका उरांव आदिवासी बाईने आपल्या संथाळ नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध तक्रार केली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही, कारण दुसरं लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी तिला सिद्ध करता आली नाही. रूढी पंचांच्या तोंडात असते, आणि पंच पुरुष असतात. तेव्हा 'आमची रीत' म्हटल्यावर वाद संपत नाही, तो फक्त कोर्टातून पारावर जातो.

म्हणून मी पुन्हा त्या १९५४ च्या कायद्याकडे येतो. कोणावर लादायचा नाही, कोणाची रीत मोडायची नाही. ज्याला नको त्याने त्याकडे बघूही नये. ज्याला धर्म मध्ये न आणता लग्न करायचं आहे, त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवायचं, इतकंच. आपल्याकडे 'रजिस्टर लग्न' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, त्याने फार घोटाळा होतो. हिंदू विवाह कायद्याखाली आधी विधी करायचा आणि मग त्याची नोंद. विधीच झाला नसेल तर कागदाला अर्थ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विशेष विवाह कायद्यात मात्र लग्नच विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी. त्यासाठी आधी तीस दिवसांची नोटीस. ती कार्यालयात ठळक जागी लावायची. कोणीही यावं, वाचावं, हरकत घ्यावी.

माझ्या एका मित्राच्या मुलीने हा रस्ता धरला होता. मुलगा दुसऱ्या धर्माचा. कोण कोणत्या धर्माचं ते मी सांगणार नाही. ते ऐकल्याबरोबर वाचक आपापली बाजू ठरवून मोकळा होतो, आणि मला ते नको आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालयाच्या जिन्याखाली काचेची एक पेटी होती, कुलूप लावलेली. आत लिलावाच्या जुन्या जाहिराती, आणि त्यांच्यावर दोन टाचण्यांनी लावलेली यांची नोटीस. नाव, वय, धंदा, राहण्याचा पत्ता, घर नंबरासकट. दुपारी लावली. संध्याकाळी तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणी काढला ते कळलं नाही. रात्री नऊला मित्राच्या ओट्यावर वीस-पंचवीस तरुण पोरं उभी होती, त्यांतल्या निम्म्यांना तो ओळखतही नव्हता. मुलाच्या गल्लीतही तेच, फक्त टोप्या वेगळ्या. कायद्यात हरकतीची कारणं मोजकी आहेत: आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, मानसिक अवस्थेमुळे संमती देता येत नाही, नातं निषिद्ध आहे. ओट्यावर आलेल्यांपैकी कोणाचीही यातली हरकत नव्हती. त्यांची हरकत काचेच्या पेटीत मावणारी नव्हती.

नोटिशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं ऐकून घेऊ. पहिलं म्हणणं: फसवणूक टळते, आधी लग्न झालेला माणूस पकडला जातो. मग हिंदू पद्धतीच्या लग्नाला नोटीस का नाही? निकाहला का नाही? तिथे फसवणूक होत नाही? ज्याच्या घरी आधीची बायको आहे तो गुरुजींसमोर अर्ध्या तासात मोकळा होतो, आणि ज्यांचं सगळं कागदोपत्री स्वच्छ आहे ते महिनाभर पेटीत टांगलेले. जन्माचा दाखला घ्या, शपथपत्र घ्या, खोटं निघालं तर शिक्षा द्या. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात आहेच. याच कायद्याच्या १८७२ च्या पूर्वजात मुदत चौदा दिवसांची होती. ती तीस केली स्वतंत्र भारताने. आणि ही नोटिशीची चालही कलम ९ सारखीच विलायतेच्या चर्चमधली: तिथे लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारत, ज्याची हरकत असेल त्याने बोलावं म्हणून. आपल्या एकुलत्या एका बिनधर्माच्या कायद्यात पाद्र्याची ती हाक अजून घुमते आहे.

दुसरं म्हणणं जास्त जिव्हारी लागणारं आहे. आई-बापाला कळायला नको का? आपल्याकडे लग्न दोघांचं नसतं. केळीवर रोग आला, दवाखान्यात खाट भरली, तर पहिला फोन व्याह्याला जातो. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर झोक्याकडे बघून आई डोळे पुसते. हे सगळं मला दिसतं, आणि पळून गेलेल्या मुलीच्या घरात चार दिवस चूल पेटत नाही हेही मी पाहिलेलं आहे. पण नोटिशीने आई-बापाला कळत नाही, गावाला कळतं. माझ्या मित्राला मुलीने स्वतः सांगितलं होतं. तो रडला, दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, बघू. त्या 'बघू'ला वेळ मिळाला असता तर काय झालं असतं कोण जाणे. तो वेळ नोटिशीने खाल्ला.

झालं असं की महिना निघेना. दोघांपैकी एकाने धर्म बदलला. एका दुपारी, दुसऱ्या जिल्ह्यात. धर्म बदलल्यावर त्या धर्माच्या पद्धतीने लग्न त्याच दिवशी लागलं, ना नोटीस ना पेटी. ज्या दोघांना एकमेकांच्या देवाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना कायद्याने देवाच्या दारात ढकललं. आणि यानंतर आपण ऐकतो की लग्नासाठी धर्मांतरं होतात, त्यांना आळा घाला! डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय, अशा दोन्ही लग्नांसाठी समन्वय समिती नेमली, आणि दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द काढून ती फक्त आंतरधर्मीय लग्नांपुरती ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा अभ्यास करायला दुसरी समिती आली. या दोन समित्यांच्या चहापाण्याच्या खर्चात एक साधी दुरुस्ती झाली असती. लग्नासाठीचं धर्मांतर खरोखर नको असेल तर धर्म न बदलता लग्न करणं सोपं करा. विशेष विवाह कायद्यातलंच कलम १९ बघा: एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली दुसऱ्या धर्मात लग्न केलं की तो कायद्याने त्या कुटुंबातून विभक्त होतो. दोघंही हिंदू असतील तर ही अट लागत नाही, तशी दुरुस्ती १९७६ मध्ये केलेली आहे. म्हणजे सातबारा मध्ये आला की कायद्याला धर्म बरोबर आठवतो.

इस्रायलमध्ये निवडणुका होतात, न्यायालयं आहेत, पण लग्न लावण्याचा अधिकार धर्मपीठांकडे आहे. दोन धर्मांची जोडपी, धर्म न मानणारे बऱ्याचदा विमानात बसून सायप्रसला जाऊन लग्न करतात. आपल्या जातीबाहेरच्या पोरापोरींचं सायप्रस म्हणजे आळंदी. पण धर्माबाहेरच्यांना तीही नाही. उलट आयर्लंड बघा. १९३७ च्या राज्यघटनेतच घटस्फोटाला बंदी, चर्चचा शब्द शेवटचा. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी बंदी राखली, १९९५ मध्ये सुमारे नऊ हजार मतांच्या फरकाने उठवली, आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला बासष्ट टक्के लोकांनी होकार दिला. चर्च ओस पडली म्हणून हे झालं असं कोणी म्हणेल. काही अंशी खरं असेल. पण होकार देणाऱ्यांत रविवारी प्रार्थनेला जाणारेही होते.

समान कायदा हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांनाही मी विचारून पाहिलं आहे: विशेष विवाह कायद्याच्या कलम ५ ते ८ मधली ही नोटीस काढायची का? पहिले म्हणतात, "नको, पोरी पळतील." दुसरे म्हणतात, "नको, पोरी पळतील." त्या लग्नातल्या साहेबांनाही विचारलं, हात धुताना. ते म्हणाले, "सर, मोठा विषय आहे, निवांत बोलू," आणि गाडीत बसले. पुढच्या गावात आणखी एक मुहूर्त त्यांची वाट बघत होता.

मित्राच्या मुलीच्या लग्नातले तीन साक्षीदार आधीच ठरले होते. त्यांतला एक मी. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि सही केलेला कागद त्या कार्यालयात कुठल्यातरी फायलीत अजून पडून असेल. पेटीतली नोटीस मात्र तीस दिवस झाल्यावरही कोणी काढली नाही. मी गेल्या पावसाळ्यात तिकडे गेलो तेव्हा कागद पिवळा पडला होता, नावं वाचता येत होती.